स्टेशनपासून १२ मिनिटे : उपनगरातील एका भाड्याच्या घराचे परीक्षण

शहरात नोकरी आणि उपनगरात बिऱ्हाड अशी तीन वर्षे काढल्यानंतर येत्या महिनाअखेरीस आम्ही आमचे भाड्याचे घर सोडत आहोत. हे घर शोधत असताना कुणीतरी राहून पाहिलेल्या माणसाने मनापासून लिहिलेले काही वाचायला मिळावे, असे मला फार वाटत होते. ते तेव्हा मिळाले नाही, म्हणून आता मीच लिहीत आहे. परीक्षण केवळ चार भिंतींचे नाही. उपनगरात घर भाड्याने घेणारा माणूस घर, घराभोवतीची वस्ती आणि त्या वस्तीला शहराशी जोडणारी गाडी अशा तीन गोष्टी एकाच सहीने पदरात घेत असतो, आणि भाडेकरारात त्यांपैकी पहिल्या गोष्टीचाच काय तो उल्लेख असतो.

घरात आम्ही तिघे. मी रोज शहरात कामाला जाते, नवरा घरूनच काम करतो आणि मुलगी, आम्ही इथे आलो तेव्हा, सहा वर्षांची होती. हे आधीच सांगते, कारण उपनगरातल्या घराला एकच शेरा देता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. दिवसभर तिथे वावरणाऱ्याचा अनुभव आणि उजाडताच निघून अंधार पडल्यावर परतणाऱ्याचा अनुभव इतके वेगळे असतात, की एकाच छपराखाली राहूनही आम्ही दोघे जणू दोन निरनिराळ्या घरांविषयी बोलत असू. नवऱ्याला विचाराल तर तो या घराला पाचपैकी पाच गुण देईल. माझे गुण कमी आहेत, आणि ते कुठे कमी झाले हे मी नीट मोजून ठेवले आहे.

जाहिरातीत लिहिले होते, ‘स्टेशनपासून १२ मिनिटे’. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी यासंबंधी एक नियम आहे : रस्त्याने मोजलेले ८० मीटर म्हणजे १ मिनिट धरायचे, आणि वरचे काही मीटर उरले तर पूर्ण मिनिट वाढवायचे. सिग्नलला थांबण्याचा वेळ किंवा चढाचा वेळ त्यात धरलेला नसतो, तरीही निदान मोजपट्टी सगळ्यांना सारखी असते. आमच्या दलालाने बहुधा नकाशावर सरळ रेघ ओढली होती, आणि तीही प्लॅटफॉर्मच्या जवळच्या टोकापर्यंत, जिथून आत जायला वाटच नाही. प्रत्यक्ष रस्त्याने अंतर भरते १,१५० मीटर, म्हणजे त्या नियमाने १५ मिनिटे. पुढे पूल चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उतरायचे आणि ठरलेल्या डब्यासमोर जाऊन उभे राहायचे, याला आणखी ४ मिनिटे लागतात. हातात पिशवी असेल, पाऊस असेल किंवा सोबत मूल असेल, तर हा हिशेब आणखी लांबतो. घर पाहायला जाताना आम्ही दलालाच्या गाडीतून गेलो, ही आमची पहिली चूक. ज्या वाटेने रोज जायचे, ती वाट एकदा तरी स्वतःच्या पायांनी आणि कामाच्या वेळी चालून पाहायला हवी होती.

दुसरे वाक्य होते, ‘३८ मिनिटांत शहरात’. ते खोटे नव्हते. गाडी एकदा हलली की ३८ मिनिटांत शहरात पोहोचते. पण माणूस गाडीच्या दारातून गाडीच्या दारात जात नसतो, तो घराच्या दारातून कचेरीच्या दारात जात असतो. घरापासून चालणे १५ मिनिटे, पूल आणि प्लॅटफॉर्म ४, गाडीची वाट पाहणे सरासरी ८, प्रवास ३८ आणि उतरल्यावर कचेरीपर्यंत १०, असे सगळे मिळून ७५ मिनिटे होतात. येताना तेवढीच. म्हणजे दिवसाला १५० मिनिटे, आणि कामाचे दिवस वर्षाला २२० धरले तर ५५० तास. रात्री धरून मोजले, तर वर्षातले जवळजवळ २३ दिवस मी वाटेवर असते. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला, तेव्हा बराच वेळ कागदाकडे पाहत बसले होते.

गाडीची वाट पाहण्याच्या त्या ८ मिनिटांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण घर निवडताना याकडे कुणीच लक्ष देत नाही. वेळापत्रकात गाड्या दर १५ मिनिटांनी आहेत. त्या ठरल्याप्रमाणे आल्या, तर केव्हाही स्टेशनवर जाणाऱ्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागेल. पण गर्दीच्या वेळी एक गाडी रखडते आणि तिच्यामागची लगेच येऊन भिडते. समजा, दोन गाड्यांमधले अंतर आलटून पालटून ५ आणि २५ मिनिटे झाले. सरासरी अंतर तरीही १५ मिनिटेच राहते, पण प्रवाशाचे सरासरी थांबणे जवळजवळ ११ मिनिटांवर जाते. कारण साधे आहे : २५ मिनिटांच्या मोठ्या खंडात स्टेशनवर येणारी माणसे ५ मिनिटांच्या खंडात येणाऱ्यांच्या पाचपट असतात. म्हणून घर घेण्यापूर्वी तासाला गाड्या किती, एवढेच विचारून भागत नाही. त्या सारख्या अंतराने येतात का, हे प्लॅटफॉर्मवर तासभर उभे राहून पाहावे. सकाळचा तो एक तास खर्च केला, तर पुढचे शेकडो तास कसे जाणार ते कळते.

गाडी कुठून सुटते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आमच्या मार्गावर सकाळच्या गाड्या दोन स्टेशने अलीकडून सुटतात, आणि आमच्याकडे येईपर्यंत बसायला जागा उरलेली नसते. त्या सुरुवातीच्या स्टेशनाजवळ घर घेतले असते, तर प्रवास काही मिनिटांनी वाढला असता, पण तो बसून झाला असता. उभ्याने काढलेली ३८ मिनिटे आणि बसून, डोळे मिटून काढलेली ४५ मिनिटे यांत कुणी निवड करायला सांगितली, तर मी आज क्षणाचाही विचार न करता दुसरी घेईन. वेळापत्रकावर नुसती नजर टाकून ही गोष्ट ध्यानात येत नाही. शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि ती चुकली तर घरी कसे पोहोचायचे, हेही आम्ही आल्यानंतर दुसऱ्या महिन्यात, चुकल्यावरच शोधले.

इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली असे मांडले होते, की वाहने कितीही बदलली तरी माणूस सरासरीने दिवसाचा साधारण एक तास येण्याजाण्यात घालवतो. वाहन वेगवान झाले की माणसे वेळ वाचवत नाहीत, अधिक दूर राहायला जातात. आमच्यासारख्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या, पण त्या सरासरी तासाच्या अडीचपट वेळ मी देत होते. अर्थशास्त्राच्या साध्या तर्काप्रमाणे याची भरपाई कमी भाड्यातून किंवा मोठ्या घरातून व्हायला हवी. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून हाच तर्क तपासला, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार लांबचा प्रवास करणारी माणसे आयुष्याविषयी कमी समाधानी आढळली. म्हणजे भरपाई पूर्ण होत नाही. माझ्या बाबतीत हे असे का झाले, ते मला सांगता येते. घर पाहताना जास्तीची खोली डोळ्यांसमोर होती, तिच्या खिडकीतून ऊन आत आले होते आणि मुलगी त्या उन्हात गिरक्या घेत होती. प्रवासाची १५० मिनिटे मात्र त्या दिवशी कुठेच दिसत नव्हती. ती पुढे एकेक दिवसाने दिसत गेली.

त्यांतला एक दिवस सांगते. संध्याकाळची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली आणि जवळजवळ पाऊण तास हललीच नाही. घरी पोहोचले तेव्हा मुलगी झोपली होती. टेबलावर तिने चित्र काढून ठेवले होते, त्यात आमचे घर होते, खिडकीत ती आणि तिचा बाबा होते, आणि पानाच्या अगदी दुसऱ्या कडेला एक गाडी होती, गाडीत मी. सकाळी मी निघताना ती अर्धवट झोपेत म्हणाली, “आई, तू आलीस कधी?” मी तिला म्हटले, “काल रात्रीच आले ग, तू झोपली होतीस.” दाराला कडी लावून जिना उतरताना मला त्या चित्रातले अंतर सारखे आठवत राहिले.

आता प्रत्यक्ष घराविषयी, आणि इथे मला कौतुकच जास्त करायचे आहे. शहरात त्याच भाड्यात जे मिळाले असते, त्यापेक्षा हे घर मोठे होते. नवऱ्याला कामासाठी दार लावून बसता येईल अशी स्वतंत्र खोली मिळाली. दोन बाजूंना खिडक्या असल्यामुळे वारा आरपार खेळायचा. वरचा मजला असल्याने डोक्यावर कुणाच्या पावलांचा आवाज नव्हता. वरच्या मजल्याची एक अडचण मात्र पाहून घ्यावी. गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळापेक्षा जेवढे उंच असेल, तेवढाच त्याला दाब मिळतो, दर १० मीटरला साधारण १ बार. टाकी आमच्या नळांपासून जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बार. बादली भरायला लागणारा वेळ आम्ही पहिल्याच दिवशी मोजला असता, तर छोटा पंप बसवून देण्याची अट करारातच घालता आली असती. घर पाहताना नळ उघडून दोन मिनिटे तसाच वाहू द्यावा, आणि त्याच वेळी दुसरा नळही उघडावा. एवढ्याने घरमालकाला वाईट वाटण्याचे कारण नाही.

खरा वाद झाला तो ओलीवरून. दुसऱ्या वर्षी मुलीच्या खोलीतील कपाटामागची भिंत काळवंडली आणि रंगाचे पोपडे निघू लागले. घरमालकीण बाईंचे म्हणणे असे, की आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि कपडे आत वाळत घालतो, म्हणून दोष आमचा. हे अशक्य नव्हते. खोलीतल्या दमट हवेचे पाणी थंड भिंतीवर जमते आणि कपाट भिंतीला चिकटून असले की तिथे वारा लागत नाही, हे खरेच आहे. म्हणून आम्ही एक साधी परीक्षा केली. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा केला, तळहाताएवढा ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा चौकोन तिथे लावला, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवस तसाच ठेवला. कागदाच्या बाहेरच्या अंगाला थेंब जमले तर दमटपणा खोलीतला, आणि आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. तिसऱ्या दिवशी बाईंसमोरच पट्टी सोडवली. बाहेरची बाजू कोरडी होती. आतली बाजू त्यांच्याकडे वळवून मी म्हटले, “काकू, हात लावून बघा ना.” त्यांनी बोट फिरवले, बोट ओले झाले, आणि त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात कारागीर आला. बाहेरून जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपाला सांध्यापाशी तडा गेला होता, तो त्यांनी स्वखर्चाने बदलून दिला. त्यांच्याविषयी माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे, कारण पुरावा समोर आल्यावर त्यांनी शब्द फिरवला नाही. पण त्याआधीचे चार महिने मुलीच्या खोलीत ओलीचा कुबट वास होता, हेही इथे नोंदवायला हवे.

या अनुभवावरून भाडेकराराविषयी माझा एकच आग्रह आहे. दुरुस्ती कुणी करायची, एवढे लिहून पुरत नाही, किती दिवसांत करायची तेही लिहून घ्यावे. आमच्या करारात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. राहायला आलो त्या दिवशी आम्ही प्रत्येक खोलीचे, नळांचे, दारांच्या कड्यांचे आणि फरशीवरच्या जुन्या डागांचे तारखेसह फोटो काढून बाईंना पाठवले होते. आता अनामत रक्कम परत घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांवरून बोलणे दहा मिनिटांत संपले.

आवाजाच्या बाबतीत आम्ही फसलो, असेच म्हणावे लागेल. घर पाहिले दुपारी, तेव्हा परिसर अगदी शांत होता. मालगाड्या रात्री जातात, हे पहिल्या रात्री कळले. रूळ घराच्या मागून सुमारे ३०० मीटरवरून जातात, आणि भरलेली मालगाडी जाताना खिडकीची तावदाने बारीक थरथरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रेल्वेच्या आवाजासाठी रात्रीची सरासरी पातळी ४४ डेसिबलच्या खाली असावी, अशी शिफारस केली आहे. आवाज रुळांसारख्या लांबलचक रेषेतून येत असेल, तर अंतर दुप्पट केल्यावर तो मोकळ्या जागेत फक्त ३ डेसिबलने कमी होतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. त्यामुळे थोडे मागच्या गल्लीतले घर घेऊन फारसे काही साधत नाही. कुठल्या खोलीचे तोंड रुळांकडे आहे, हे अधिक महत्त्वाचे. आम्ही महिनाभरात झोपायची खोली पुढच्या बाजूला हलवली आणि प्रश्न बराचसा सुटला.

वस्तीला मी पूर्ण गुण देते, आणि ते मुलीच्या वतीने देते. अमेरिकेतील नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली वस्तीच्या रचनेची एक कल्पना मांडली होती : मध्यभागी शाळा, घरापासून शाळेचे अंतर साधारण ४०० मीटरच्या आत, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आमची वस्ती कुणी त्या विचाराने आखली की नाही ते ठाऊक नाही, पण अनुभव तोच आला. आठव्या वर्षी मुलगी एकटी चालत शाळेत जाऊ लागली. मैदान गल्लीच्या टोकाला असल्यामुळे ती खेळायला गेली तरी खिडकीतून हाक मारता येते. शहरातल्या आधीच्या घरी हे स्वप्नातही शक्य नव्हते, आणि तीन वर्षांच्या हिशेबात मी याचे मोल फार मोठे धरते.

दिवसा मात्र वस्ती रिकामी होते. नवरा सांगतो, सकाळी नऊनंतर रस्त्यावर म्हातारी माणसे, लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसे एवढीच दिसतात. एबनेझर हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ३२,००० वस्तीच्या उद्याननगराची कल्पना मांडली, तेव्हा त्यात बागांबरोबर कारखाने आणि कामाच्या जागाही त्याच नगरात होत्या. पुढच्या उपनगरांनी झाडे घेतली आणि नोकऱ्या शहरातच राहू दिल्या. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाची शेजाऱ्यांशी खरी ओळख होते ती गाडीच्या डब्यात. खालच्या मजल्यावरच्या ताईंच्या घरात मी तीन वर्षांत चार वेळा गेले असेन, पण सकाळच्या गाडीत त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली नाही असा आठवडा गेला नाही.

घर सोडण्याचे कारण माझी नोकरी. कचेरी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जात आहे, आणि ७५ मिनिटांची १०५ होतील. नवऱ्याने आणि मुलीने हे ऐकल्यावर ‘आपण जाऊया’ असे स्वतःहून म्हटले, तेव्हा मला भरून आले, कारण त्यांना इथून जाण्याची अजिबात इच्छा नाही. घरातला एकही माणूस रोज शहरात जात नसेल, किंवा आठवड्यातून दोनच दिवस जात असेल, तर हे घर आणि ही वस्ती मी डोळे झाकून सुचवीन. रोज जाणारा असेल, तर त्याच्या दारापासून दारापर्यंतच्या प्रवासाला एक तासाहून जास्त वेळ लागू नये, या अटीवरच सुचवीन.

गेल्या रविवारी एक जोडपे घर पाहायला आले होते. बाई शहरात नोकरी करतात, त्यांचे यजमान घरी राहून वर्षाच्या बाळाला सांभाळणार आहेत. यजमान खोल्या पाहत होते, खिडक्या उघडून वारा येतो का ते बघत होते. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला हळूच विचारले, “ताई, स्टेशन खरंच १२ मिनिटांवर आहे का हो?” मी त्यांना १,१५० मीटर सांगितले, पूल सांगितला, गाड्यांमधली अंतरे सांगितली, मालगाड्यांची वेळ सांगितली. मग म्हटले, उद्या सोमवार आहे, सकाळी पावणेआठला इमारतीखाली या, मी निघतेच, आपण बरोबर चालत जाऊ. त्या आल्या. पुलाच्या पायथ्याशी त्यांनी घड्याळ पाहिले आणि वहीत काहीतरी लिहून घेतले.